कुटारावर उभी केलेली गाडी

गाडीनं पेट घेतला तेव्हा मी तिच्यापासून जेमतेम पन्नास पावलांवर होते, मजुरांच्या ताटात भाजी वाढत. दिवाळी तोंडावर आलेली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात सोयाबीनची मळणी चालू होती. २०२५ च्या पावसानं निम्मं पीक आधीच नासवलं होतं. उरलेलं ऊन आहे तोवर काढून घ्यायचं, म्हणून सकाळपासून थ्रेशर लावलेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा घरापासून २६ किलोमीटरवर. शनिवार होता, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर घरी आले, डबे घेतले आणि तशीच वावरात गेले. धुऱ्यावरच्या बाभळीखाली सावली होती आणि सावलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरलेलं होतं. त्यावर गाडी उभी केली.

दहा मिनिटं झाली असतील. एक मजूर बाई ओरडली, "मॅडम, गाडीखालून धूर निघून रायला!" मी वळून पाहिलं तर पुढच्या चाकांच्या मधून पांढरा धूर येत होता, चुलीत ओलं जळण घातल्यासारखा. मी पळत सुटले. पाण्याची बाटली हातात होती, तीच ओतणार होते. तेवढ्यात खालून लाल जीभ बाहेर आली आणि ह्यांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं.

फवारणीसाठी भरून ठेवलेला २०० लिटरचा ड्रम होता. बादल्या बादल्या ओतल्या, माती टाकली. पण कुटार म्हणजे कापसासारखंच, आग एका जागी राहतच नाही. गाडीपासून तीस हातांवर सोयाबीनची गंजी होती आणि तिच्या पलीकडे भरलेली पोती. ह्यांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा गंजीकडं, आणि ओरडले, "गाडी सोडा, पैले गंजी वाचवा!" शेजारच्या वावरात पंजी (माती उकरायचं अवजार) लावलेला ट्रॅक्टर उभा होता. त्या पोरानं तो धुऱ्यावरून आत घातला आणि गंजीभोवती तीन-चार फेरे मारून काळी माती उघडी केली. आग त्या मातीपाशी येऊन थांबली. गंजी आणि पोती मिळून आमचं २२ क्विंटल सोयाबीन वाचलं. त्या वेळी मला ह्यांचा राग आला होता, हेही खरं सांगते. सात वर्षं जिच्या भरवशावर नोकरी केली ती गाडी समोर जळत होती आणि सगळी माणसं तिच्याकडं पाठ करून धावत होती.

टायर एकेक करून फुटले. काचा तडतडत खाली आल्या. अग्निशमनचा बंब आला, पण पांदण, म्हणजे वावराकडं येणारी कच्ची वाट, अजून ओली होती, त्यामुळं तो डांबरी रस्त्यावरच थांबला. जवानांनी पाइपाला पाइप जोडत पाणी वावरापर्यंत आणलं, तोवर सांगाडा उरला होता. संध्याकाळी जवळ जाऊन पाहिलं. इंजिनखाली चांदीसारखा ओघळ मातीत थिजला होता. अ‍ॅल्युमिनियम वितळून खाली आलेलं. काळ्या मातीच्या भेगेत शिरून तिचाच आकार घेतलेलं ते तळहाताएवढं पान मी उचलून घरी आणलं, ते अजून कपाटात आहे.

मागच्या सीटवर चौथीच्या संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका होत्या, एकूण २३. गाडीपेक्षा त्यांचा विचार मला त्या रात्री जास्त छळत राहिला. सोमवारी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं, पंचनाम्याची प्रत जोडली आणि पोरांची तोंडी परीक्षा पुन्हा घेतली. पोरं घाबरली होती, मार्कांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

आग का लागली, हे आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनं सांगितलं. पेट्रोल गाडीच्या धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याला नीट काम करायलाच साधारण २५० ते ३०० अंश तापमान लागतं आणि चालत्या गाडीत तो याहून बराच तापतो. पाचोळा, गवत, कुटार त्याला चिकटलं की ठिणगीचीही गरज नाही. शिवाय त्यानं विचारलं, "ताई, गाडी मिसिंग मारत होती काय?" मारत होती. आठवडाभर चढाला धक्के देत होती आणि इंजिनचा पिवळा दिवाही लागला होता. मळणी झाली की दाखवू, असं म्हणून मी तशीच चालवत होते. एखादा स्पार्क प्लग नीट पेटला नाही की न जळलेलं पेट्रोल पुढं कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लालबुंद होतो. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. ज्यांच्या गाड्या वावरात, खळ्यावर, लग्नाच्या मांडवामागच्या गवतात उभ्या राहतात त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

आता पुढचं सगळं कागदांचं. त्याच संध्याकाळी विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवलं आणि पोलीस ठाण्यात अकस्मात जळिताची नोंद केली. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. कोणावर संशय आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि तसंच लिहून घेतलं. विमा कंपनीचे सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत गाडी जागची हलवायची नव्हती. गावातले दोघं-तिघं म्हणत होते, ओढून घरी आणा, वावरात कशाला ठेवता. ऐकलं नाही ते बरं झालं. तीन दिवस सांगाडा बाभळीखाली उभा होता आणि शेजारच्या गावांतूनही लोक पाहायला येत होते.

सर्व्हेअर आले. फोटो काढले, चेसिस नंबर घासून वाचला. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, गाडीत गॅसकिट होतं का, बाहेरून दिवे किंवा हॉर्न बसवले होते का, असं सगळं विचारलं. मिसिंगचं सांगावं की नाही यावर रात्री घरात वाद झाला होता. मामंजी म्हणाले, "खोटं बोलू नको सूनबाई, कागदावर खोटं टिकत नाही." मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि समजावलं की पूर्ण विम्यात आग, स्फोट, आपोआप पेट घेणं आणि वीज पडणं हे सगळं येतं. आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो तो हाच. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारा, असता तर एक रुपया मिळाला नसता. गाडी जुनी झाली, आता थर्ड पार्टीच काढू, असं आमच्या घरात त्याच वर्षी ठरत आलं होतं.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आमच्या गाडीत दुरुस्त करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. आता ही ठरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. एजंटनं नूतनीकरणाच्या वेळी दोन आकडे सांगितले होते, २ लाख ६० हजार आणि २ लाख १० हजार. कमी आकड्याला हप्ता सात-आठशे रुपयांनी कमी पडत होता, म्हणून मी तो घेतला. त्या सात-आठशेपायी माझे ५० हजार गेले. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर हा आकडा छापलेला असतो. मी सात वर्षांत एकदाही तो नीट पाहिला नव्हता.

सर्वांत जास्त वेळ गेला बोज्यात. गाडीचं कर्ज २०२३ मध्येच फिटलं होतं, बँकेनं ना हरकत पत्रही दिलं होतं. ते मी कपाटात जपून ठेवलं आणि काम झालं असं समजले. पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा कर्ज फेडलं म्हणून आपोआप उतरत नाही, तलाठ्याकडं जावं लागतं, तसंच हे. बोजा असेपर्यंत विम्याच्या पैशावर पहिला हक्क बँकेचा. जुनं पत्र तीन महिन्यांतच बाद झालेलं. नवं पत्र, बोजा उतरवायचा फॉर्म ३५, फी, यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात दोन चकरा, यात पाच आठवडे गेले. ज्यांनी कर्ज फेडून आरसी तशीच ठेवली आहे त्यांनी या महिन्यातच हे काम करून टाकावं, असं मी शाळेतल्या सगळ्यांना सांगितलं आहे.

मूळ आरसी आणि पॉलिसी गाडीतच जळली होती. डिजिलॉकरमधली आरसी आणि ईमेलवरची पॉलिसी कामाला आली. गाडी नष्ट झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी नवव्या दिवशी अर्ज दिला. पुढं चेसिस नंबरचा पत्रा कापून जमा केला आणि नोंदणी रद्द झाली. एमएच-२९ ने सुरू होणारा तो नंबर मला अजून तोंडपाठ आहे. सांगाडा कंपनीच्या खरेदीदारानं नेला आणि अडीच महिन्यांनी खात्यात २ लाख ९ हजार आले. एक हजार ही सक्तीची वजावट असते. क्लेम घेतल्यानं दरवर्षी वाढत आलेला ५० टक्के नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला.

या अडीच महिन्यांत मी एसटीनं गेले. बायकांना तिकीट अर्धं लागतं, त्यामुळं खर्चाचा प्रश्न नव्हता. पण सकाळची बस शाळेच्या वेळेच्या पाऊण तास आधी पोचायची आणि संध्याकाळची चुकली की अंधार व्हायचा. मामंजींना दर महिन्याला वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा भाड्याची गाडी करावी लागली. म्हणून गाडी घ्यायचीच होती, प्रश्न एवढाच की कोणती.

आधी मला विजेवरची गाडी हवी होती. तापणारा कन्व्हर्टर नाही, सायलेन्सरच नाही, माझं मन तिकडंच ओढत होतं. रोजचे ५२ किलोमीटर तिला सहज जमले असते. पण सावंगीला जाऊन येणं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर, आणि आमच्या बजेटमधली छोटी बॅटरी मामंजींना घेऊन, एसी लावून, मध्ये न थांबता तेवढं नेईल याची खात्री वाटेना. त्यात घरचा मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागला असता. सीएनजीचा पंप आमच्याकडून लांब आणि टाकीनं डिक्की खाल्ली की व्हीलचेअर कुठं ठेवायची? जुनी गाडीही पाहिली, पण तिचं वायरिंग कोणी कुठं कापून जोडलंय हे कळायला मार्ग नव्हता आणि आता तेवढी हिंमत माझ्यात उरली नव्हती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता, म्हणून नवी आवाक्यात आली. बाकीची रक्कम शिक्षकांच्या पतसंस्थेतून काढली. सोयाबीनच्या भरवशावर काही ठरवलं नाही. हमीभाव ५,३२८ असला तरी व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होते.

यवतमाळच्या शोरूममध्ये मी ओढणी कमरेला खोचून फरशीवर आडवी झाले आणि मोबाइलच्या उजेडात गाडीखाली पाहिलं. विक्रेता पोरगा गडबडला. मी त्याला म्हटलं, "दादा, कन्व्हर्टर कुठं आहे आणि त्यावर पत्रा आहे का, ते दाखव." त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं वर्कशॉपमधून मेकॅनिकला बोलावलं, गाडी लिफ्टवर घेतली आणि सगळं दाखवलं. तासभर त्या दोघांनी मला दिला, त्याची मला कदर आहे. वॅगनआरची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आणि टाटा पंचची १८७. फरक एका बोटाचा, पण पांदणीच्या मधल्या उंचवट्यावर गवत किती वाढतं हे ज्यानं पाहिलं आहे त्याला ते एक बोट कळेल. पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते, हेही मनात होतं. पंच घेतली. एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं वेगळं विकत घेतलं आणि ड्रायव्हर सीटखाली पट्ट्यानं बांधून घेतलं, डिक्कीत नाही. आग लागल्यावर डिक्की उघडायला वेळ नसतो.

आयडीव्ही या वेळी मी स्वतः वाचली. रिटर्न टू इनव्हॉइसही घेतलं, म्हणजे पहिली काही वर्षं अशी वेळ आलीच तर घसारा न कापता बिलाची किंमत मिळते.

जानेवारीत तूर सोंगली. मी डबे घेऊन गेले तर धुऱ्याजवळ बाभळीखाली ह्यांनी दोन ट्रॉली मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला होता. मला काही बोलले नव्हते. एका कडेला वाळूनं भरलेली दोन पोती उभी होती. मी गाडी मुरमावर लावली, उतरले आणि खाली वाकून पाहिलं. एक काडीही नव्हती. मग डबे घेऊन मजुरांकडं गेले.