पावसाची झड अन् शेरलॉक होम्स
आज सकाळपासून झड लागलेली, वावरात चिखलच चिखल, निंदणाच्या बाया आल्याच नाहीत, मग भाच्यासोबत मोबाईलवर गोष्टीतल्या जासूसाची, शेरलॉक होम्सची सिरीयल लावून बसलो. त्याले बीबीसीच्या सिरीयलमधला होम्स झालेला कंबरबॅच लय आवडते, २०१० वाला, स्मार्टफोन घेऊन फिरणारा. मी म्हणलं बापू, आता जेरेमी ब्रेट पाय. १९८४ ते ९४ तोच होम्स, एकदम हसणार, एकदम गप होणार, नुसत्या डोळ्यातून कळते का ह्याचं डोकं सुरू झालं. मले तर होम्स म्हणलं की तोच दिसते.

अन् होम्सचा जोडीदार वॉटसन! होम्स झालेल्या बॅसिल रॅथबोनच्या जुन्या १४ पिक्चरमधी त्याले पार बावळट करून ठेवलं, हे मले कधीच पटलं नाही, कथेत तो अफगाणिस्तानच्या लढाईतून आलेला मिलिटरीचा डॉक्टर होय ना. ब्रेटच्या सिरीयलनं त्याले त्याचा मान दिला, कंबरबॅचवाल्यांनीही दिला, तेवढं मान्य.

भाचा म्हणे, मामा, पण होम्सले आजच्या काळात आणलं ते भारी. अरे, रॅथबोनवाल्यांनी १९४२ मधीच त्याले तेव्हाच्या काळात आणून नाझींच्या मागं लावलं होतं! हे ऐकून पोरगं उठूनच बसलं.

तेवढ्यात लाइन गेली, चार्जिंग १२ टक्के, तरी एपिसोड पूर्ण पाहिला. रात्री दुसरा लावतो.