जीवांचं प्रमेय आणि टर्निंगचा फिनिश

शाळेच्या आठवणी इतर जण लिहितीलच. शाळेतून आयटीआय किंवा डिप्लोमा करून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांच्या कामी येईल असं काही मी लिहितो.

वर्तुळात एकमेकींना छेदणाऱ्या दोन जीवांचं प्रमेय भूमितीत असतं. ते पुढे लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलनं कापणाऱ्या मशीनवर, भेटतं. या कापण्याला टर्निंग म्हणतात. त्यानंतर जॉबवर, म्हणजे त्या तुकड्यावर, उरलेल्या खुणा म्हणजे टूलच्या नोजचे (गोलसर टोकाचे) ओळीनं मांडलेले कंस. प्रमेय लावलं की खुणेची खोली निघते: फीडचा (एका फेरीत टूल जितकं सरकतं त्याचा) वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट. फीड ०.२ मिमी, रेडियस ०.८ मिमी, तर खोली ६.२५ मायक्रॉन. आरए, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची सरासरी, त्याच्या साधारण पाव, म्हणजे १.६ मायक्रॉन. फीड निम्मा केला तर खोली पावपट होते. हा झाला कागदावरचा हिशेब. टूल झिजलं, जॉब थरथरला, मऊ स्टील टूलच्या टोकाला चिकटलं की आकडा चढतो.

आरए मोजण्याआधी तेल पुसायचं आणि बर (कडेला उरलेली धातूची कुसं) काढायची. मोजणाऱ्या मशीनची सुई पृष्ठभागावरून खुणांना आडवी चालली पाहिजे, म्हणजे टर्निंगच्या जॉबवर अक्षाला समांतर. खुणांच्याच दिशेनं चालवली तर आरए खोटा कमी येतो. कटऑफ, म्हणजे किती लांबीपर्यंतचे चढउतार खडबडीतपणा मानायचे ती मर्यादा, खुणांमधल्या अंतरावरून ठरतो: ०.१३ ते ०.४ मिमी अंतराला ०.८ मिमी, आणि मोजणी त्याच्या पाचपट, ४ मिमी. आधीच्या ग्राइंडिंगच्या जॉबसाठी लावलेला ०.२५ तसाच राहिला, तर फीडच्या खुणांचा जवळपास तिसरा हिस्सा मशीन लाटा समजून गाळून टाकतं. ही चूक फार होते, आणि जॉब पास होत असल्यामुळे कोणी शोधतही नाही!

सुईचं टोक २ किंवा ५ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ते बोथट झालं की दऱ्यांच्या तळाशी पोचत नाही. म्हणून मास्टर पट्टीवर (आरए आधीच माहीत असलेल्या पट्टीवर) तपासायचं, पण दर वेळी त्याच रेषेवर नाही, पट्टीही घासते.

आरए ही शेवटी सरासरी. शाफ्टवर ऑइल सीलच्या (तेल अडवणाऱ्या कड्याच्या) जागी आरए अगदी ड्रॉइंगप्रमाणे असतो आणि तरी तेल गळतं. ग्राइंडिंगचं चाक आडवं सरकत गेलं असेल तर शाफ्टवर बारीक आटे पडतात. शाफ्ट फिरला की ते तेल बाहेर ढकलतात. म्हणून तिथे प्लंज ग्राइंडिंग करतात, चाक आडवं न सरकवता.

आटे ओळखायला महागडं मशीन लागत नाही. शाफ्ट चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरून तेलाचा हलका हात द्यायचा. दोऱ्याचं एक टोक न हलणाऱ्या आधाराला बांधायचं, दोरा शाफ्टवरून घेऊन दुसऱ्या टोकाला तीसेक ग्रॅम वजन लटकवायचं आणि शाफ्ट मिनिटाला साठ फेऱ्यांनी फिरवायचा. दोरा बाजूला सरकला तर फिरण्याची दिशा उलटी करायची. आता तो उलट बाजूला सरकला तर आटे आहेत. त्याच बाजूला सरकला तर शाफ्ट लेव्हलमध्ये नाही. तो नीट बसवून पुन्हा पाहायचं.