फॉरमॅट मारण्याआधी

2020 च्या जानेवारीत एका दुकानात आमच्या कंप्युटरला फॉरमॅट मारला गेला आणि त्यात चार बचत गटांचा दोन वर्षांचा हिशोब पुसला गेला. मशीन सुरू व्हायला फार वेळ लागतो, एवढीच माझी तक्रार होती. संध्याकाळी मशीन घरी आलं, भराभर सुरूही झालं, पण हिशोबाचं फोल्डर शोधते तर कुठेच नाही. पुढचे दोन महिने चाळीसेक बायांची पासबुकं गोळा करून मी सगळ्या नोंदी पुन्हा लिहिल्या. एका मावशीचे सहाशे रुपये काही केल्या जुळले नाहीत. ते मी माझ्या पदरचे भरले. मावशी काही बोलल्या नाहीत, पण बैठकीत त्या माझ्याकडे बघायच्या ते मला आजही आठवतं.

त्याच वर्षी दिवाळीला माझा धाकटा भाऊ नागपूरहून आला. विंडोज 7 ला कंपनीकडून मिळणारे अपडेट 14 जानेवारी 2020 लाच थांबले होते आणि नवं विंडोज आमच्या जुन्या मशीनवर रेंगाळलं असतं. मशीन म्हणजे सेकंडहँड घेतलेला असेंबल्ड डबा: चौथ्या पिढीचा आय-3, आठ जीबी रॅम. त्यावर भावाने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 20 ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून दिली. पुढे 21 आलं आणि मग 2024 मध्ये 22. दोन्ही वेळा मी आहे त्याच सिस्टिमवरून वर चढले, फायली जागच्या जागी. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं हे मला फार आवडतं. 20 ची उल्याना, 21 ची व्हेनेसा, 22 ची विल्मा.

तेव्हापासून या मशीनला एकदाही फॉरमॅट मारलेला नाही. बंद मात्र ते अनेकदा पडलं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहतो. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वादळवाऱ्यात लाइट जाते, आणि हंगामात अर्ध्या घरात कापूस भरलेला असतो. मशीन बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा मला मशीनच्या बाहेरच सापडली. फॉरमॅट मारल्याने मशीन काही दिवस चालतं, पण कारण घरातच बसून राहतं.

2023 च्या जूनची गोष्ट. मृग लागायला एकच दिवस होता. दुपारी आभाळ भरून आलं. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "बंद करून टाक वो बाई ते, वीज कडकून रायली." मी फाइल सेव्ह करत होते तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी फुगली म्हणून आठवडाभरापूर्वीच काढून ठेवली होती. रात्री लाइट आल्यावर बटण दाबलं. मिंटची हिरवी खूण काही आली नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि शेवटी कंसात एक शब्द: इनिट-रॅम-एफएस, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्याआधीचा टप्पा. पुढे कर्सर लुकलुकत होता.

भाऊजी मागे येऊन उभे राहिले. "वहिनी, उद्या फॉरमॅट मारून आनतो ना, तीनशे रुपयांत होते."

मी नाही म्हटलं. पूर्वी मी पडद्यावरची इंग्रजी अक्षरं पाहूनच घाबरायचे. त्या रात्री मी वही घेतली आणि पडद्यावरची ओळन् ओळ उतरवून काढली. लिहिता लिहिता कळलं की मशीन काय झालंय ते सांगतंय, आणि काय करायचं तेही सांगतंय. "अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली." म्हणजे डिस्कवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, तपासणी हाताने चालवा. डिस्कच्या कोणत्या भागात गोंधळ आहे त्याचं नावही वरच लिहिलेलं होतं, एसडीए2.

हे असं का होतं ते मी पुढे समजून घेतलं, आणि मला ते रोजकीर्द आणि खतावणीवरून समजलं. गटाच्या बैठकीत पैसे आले की मी आधी रोजकिर्दीत लिहिते आणि नंतर सावकाश ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवते. मधेच उठावं लागलं तरी रोजकीर्द पाहून खतावणी पूर्ण करता येते. लिनक्समध्ये ईएक्सटी-4 नावाची जी फाइल व्यवस्था असते ती हेच करते. डिस्कवर कुठे काय ठेवायचं याची नोंद आधी एका रोजकिर्दीत, म्हणजे जर्नलमध्ये होते आणि मग जागेवर चढते. लाइट गेली तर पुढच्या वेळी मशीन जर्नल वाचून राहिलेलं काम पुरं करतं. म्हणूनच शंभरातल्या बहुतेक वेळा लाइट गेल्याचा पत्ताही लागत नाही. पण ही रोजकीर्द नेहमीच्या मांडणीत फक्त फायलींच्या ठावठिकाण्याची असते, आतल्या मजकुराची नसते. आणि कधीकधी रोजकिर्दीच्या पानावरच शाई सांडते. आमचं तेच झालं होतं.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "थांब ताई, आधी डिस्क जिवंत आहे का ते बघ." डिस्कच मरायला टेकली असेल तर दुरुस्तीचा ताण तिला मारूनच टाकतो, म्हणून आधी तब्येत पाहायची आणि फायली बाहेर काढायच्या. मिंटचा पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून सुरू केलं. डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट नावाची माहिती असते, त्यात दोन आकडे पाहायचे. एक, खराब झाल्या म्हणून बदली दिलेल्या जागा किती. दोन, वाचता न आल्याने रखडलेल्या जागा किती. दोन्ही शून्य होते. हिशोबाचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं उघडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवलं. मग पुन्हा त्या काळ्या पडद्यावर आले आणि तपासणीची आज्ञा दिली: एफएससीके, मग वाय, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो, आणि मग डिस्कच्या भागाचं नाव.

पाचेक मिनिटं ओळी धावत राहिल्या. अमुक मोजणी चूक, दुरुस्त. अमुक जागा रिकामी दाखवली होती ती भरलेली, दुरुस्त. मुलगी शेजारी बसून मोठ्याने "फिक्स? येस, फिक्स? येस" वाचत होती. शेवटी आलं की फाइल सिस्टिममध्ये बदल केले आहेत. एक्झिट टाइप करून एंटर दाबलं आणि मिंटची हिरवी खूण दिसली. बेवारस सापडलेले तुकडे तपासणी लॉस्ट-अँड-फाउंड नावाच्या फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावांनी ठेवते. तिथे दोन फायली होत्या. त्यातली एक त्या दुपारच्या बैठकीचा अर्धवट हिशोब.

दुसऱ्याच दिवशी यूपीएसची नवी बॅटरी आणली. 600 व्हीएचा यूपीएस, त्यात बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची बॅटरी. तो दहा-बारा मिनिटं देतो आणि रीतसर बंद करायला तेवढी पुरतात.

आता कापूस. आमच्याकडे वेचणी सुरू झाली की भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. समोरची खोली कमरेइतकी भरते, लेकरं त्यावर लोळतात, आणि कंप्युटर त्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. पौषात मशीन सुरू केल्यापासून वीस मिनिटांत आपोआप बंद पडायला लागलं. काही सूचना नाही, एकदम काळं. लाइट तर होती.

अशा वेळी मी आता सगळ्यात आधी मागच्या सत्राच्या नोंदी काढते. लिनक्स प्रत्येक वेळी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत काय काय घडलं ते लिहून ठेवतं. जर्नलसीटीएल या आज्ञेला "वजा बी, वजा एक" असं सांगितलं की आदल्या वेळेच्या नोंदी दिसतात. तिथे शेवटच्या काही मिनिटांत एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: तापमान मर्यादेच्या वर, प्रोसेसरचा वेग कमी केला. मग सेन्सर्स ही आज्ञा चालवली. नुसतं रिकामं मशीन, आणि प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर. बाहेर हिवाळा.

बटण बंद केलं, वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. पंखा दिसायला ठीक होता, थोडी धूळ. चार खिळे सैल करून पंखा उचलला आणि खाली पांढरी गादी दिसली. ॲल्युमिनिअमच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा असा दाबून बसलेला थर होता की नखाने धरून ओढल्यावर तो एकसंध निघून आला, उशीच्या खोळीतून रुई निघावी तसा. खालच्या बाजूने पात्यांचे ठसे त्यावर उमटलेले. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातावर ठेवला. त्यांनी बोटांनी पिंजून पाहिला आणि म्हणाले, "हा तर आपल्याच वावरातला हाय." मग बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले. कापसाला आग लागायला किती लागतं हे या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी आणि भाऊजींनी मशीन मागच्या खोलीत हलवलं, भिंतीपासून वीतभर दूर, टेबलावर.

सफाईला मी रंगाचा कोरा ब्रश वापरते आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवते, फुंकरीने ते भरभर फिरू देत नाही. प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता पात्यांकडे नेणारा लेप, वाळून खडू झाला होता. तो पुसून ज्वारीच्या दाण्याएवढा नवा लावला. रिकाम्या मशीनचं तापमान चाळिशीच्या आसपास आलं. आता दसऱ्यानंतर दर महिन्याला झाकण उघडते, बाकी वर्षात एकदा.

बाकीचे बिघाड लहान होते. एकदा पासवर्ड बरोबर असूनही आत शिरता येईना, पुन्हा पुन्हा पासवर्डचाच पडदा. डिस्क गच्च भरली होती, आत शिरताना लागणारी छोटी फाइलसुद्धा लिहायला जागा नव्हती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून अक्षरांच्या पडद्यावर गेले, डीएफ-एच ने जागा पाहिली आणि टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने ठेवलेल्या सिस्टिमच्या जुन्या प्रती काढून टाकल्या. अपडेट चालू असताना लाइट गेली तर पुढचं अपडेट अडून बसतं, तेव्हा डीपीकेजीला, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या आज्ञेला, अर्धवट राहिलेलं पूर्ण करायला सांगायचं, की सुटतं. आणि पडदा गोठला तर बटण दाबून धरायचं नाही. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरून एस, यू, बी एकेक करून सावकाश दाबायचे. एस ने राहिलेलं डिस्कवर लिहिलं जातं, यू ने डिस्क लिहिण्यासाठी बंद होते, बी ने मशीन पुन्हा सुरू होतं.

एक मात्र बरेच दिवस कळलं नव्हतं. सकाळी पावत्या छापल्या की त्यावर आदल्या दिवसाची तारीख यायची. मोबाइलचं नेट जोडलं की सुधारायची. सुरू करताना एफ1 दाबा असंही यायला लागलं, तेव्हा उलगडलं. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला होता. रात्री आम्ही भिंतीवरचं बटण बंद करतो, त्यामुळे मशीनचं घड्याळ पुसलं जायचं आणि लिनक्स त्याला शेवटची माहीत असलेली वेळ धरून चालायचं. सेलचा नंबर 2032. वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर जाड, असा त्या नंबराचा अर्थ. घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांत मिळाला. त्या आठवड्यातल्या पावत्यांवर मी हाताने तारखा दुरुस्त करून सह्या केल्या.

टाइमशिफ्टबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण गटातल्या दोघी-तिघी आता लिनक्स वापरतात. ते सिस्टिमची प्रत ठेवतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे तुमचे हिशोब, तुमचे फोटो, आपण सांगितल्याशिवाय त्यात येत नाहीत. त्यामुळे शनिवारची बैठक झाली की मी हिशोबाचं फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवते. एक आमच्या कपाटात असतो, दुसरा गटाच्या अध्यक्षांच्या घरी. घर जळालं तरी एक राहील. सहाशे रुपयांची ती ओळ मला पुन्हा कुणाच्या नावापुढे लिहायची नाही.

काल गटातली एक ताई आली. "माया पोराचा कंप्युटर चालूच होऊन नाही रायला. दुकानवाला म्हनते फॉरमॅट मारा लागते." मी म्हटलं, आधी माझ्याकडे आणा. मुलगा सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला. पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि स्मार्टचे आकडे पाहिले. रखडलेल्या जागा चोवीस. या डिस्कवर फॉरमॅट मारून नवं काही टाकलं असतं तर बहुधा लवकरच तेही गेलं असतं आणि आधीचं तर हाती लागलंच नसतं. वहीत तारीख टाकून हे सगळं लिहिलं आणि तिला सांगितलं, डिस्क नवी घ्यावी लागेल, घाई नाही, आधी आतलं काढू.

त्याच्या दहावीपासूनच्या फायली रात्रीच निघाल्या. मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंचं फोल्डर सकाळपासून चालू आहे. काही फोटोंपाशी डिस्क टकटक करते, थांबते, मग पुढे जाते. मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे मोबाइलवर लिहितेय. ताई दोनदा येऊन विचारून गेली, किती राहिले. एकशेबारा राहिलेत.