विजयदुर्ग ते वेंगुर्ले, तिथी धरून

कोकणच्या किनाऱ्यानं छोट्या होडीतून चार-पाच दिवस सावकाश फिरायचं म्हटलं की लोक आधी नकाशा उघडतात आणि किल्ल्यांवर खुणा करत सुटतात. त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा. कुठं जायचं हे नंतर ठरेल, कोणत्या तिथीला निघायचं हे आधी ठरलं पाहिजे. समुद्रावरचा अर्धा त्रास वेळ चुकल्यामुळे होतो. त्याच खाडीच्या तोंडातून सकाळी आठला लहान मूलही हसत आत येतं आणि दुपारी तीनला तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाच्या, कपाळावर आठ्या पडतात.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब साधा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दर दिवशी सगळं पाऊण तासानं पुढं सरकतं. हा हिशोब मुंबईला धरून आहे. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर चढत येते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडे ती मुंबईच्या आधी येते. तेव्हा पाऊणपट हिशोब तारीख निवडायला वापरा आणि नेमक्या वेळेसाठी त्या त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा.

आता तारीख. तळकोकणात, म्हणजे विजयदुर्गापासून खाली, एकादशीला निघून पुनवेला संपवणं सर्वांत सोयीचं. या पाच दिवसांत पाणी सकाळी चढतं असतं, त्यामुळे खाड्यांची तोंडं सकाळीच, चढत्या पाण्यात पार करता येतात. उधाण, म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती, जवळ असतं हे खरं, पण मालवणकडे उधाणातही पाणी दोन मीटरच्या आसपासच चढतं-उतरतं, ते सांभाळता येतं. हाच बेत रायगडच्या बाजूला, अलिबाग-मुरुडकडे करायचा असेल तर मात्र तिथी उलटी धरा. तिकडे उधाणाचा फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात लोक चालत जातात, यावरून अंदाज येईल. खाडीत लावलेली होडी तिकडे चिखलात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. म्हणून खांदेरी, जंजिरा अशा फेरीसाठी अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ती, बरी.

महिने नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरचं आकाश फसवं असतं. अरबी समुद्रातली वादळं पावसाळा संपल्यावरही येतात, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्याजवळ न येताही सिंधुदुर्ग जिल्ह्यात लाटांनी नुकसान करून गेलं, आणि २०१७ चं ओखी तर डिसेंबरात आलं. म्हणून निघण्याआधी तीन दिवस हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉईसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा, लाटांचा अंदाज रोज बघायचा. अंदाजात लाट दीड मीटरच्या वर दाखवली असेल तर छोट्या होडीनं निघायचं नाही, मग ऊन कितीही छान पडलेलं असो. होळीनंतर दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापासून प्रवासी होड्या बंदच होतात.

दिवसाची वेळही वाऱ्यावर ठरते. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं गुळगुळीत असतं. नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो. अकरानंतर खारा वारा सुरू होतो, तीन-चारला चढतो आणि सूर्य बुडाल्यावर ओसरतो. त्यामुळे नियम एकच: साडेसहाला नांगर उचलायचा, अकराच्या आत दुसऱ्या बंदरात टाकायचा. खारा वारा वायव्येचा, म्हणून प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे. उशीर झालाच तर वारा पाठीवर येतो, तोंडावर नाही.

होडी कशी घ्यावी यावर थोडं तपशिलात सांगायला हवं. २४ ते २६ फुटांची फायबरची होडी, वर ताडपत्रीची सावली, २५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आणि सोबत एक लहान जादा इंजिन. माणसं पाच, शिवाय तांडेल आणि एक खलाशी. होडीला प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का, त्यावर किती माणसांची मंजुरी आहे आणि सर्वेक्षणाची मुदत संपली नाही ना, हे कागद हातात घेऊन बघा. मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीत प्रवासी बसवणं बेकायदा आहे आणि काही झालं तर विमाही मिळत नाही. निघण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे नावांची यादी आणि मुक्कामाची बंदरं लिहून द्या. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि व्हीएचएफ, म्हणजे होडीवरचा रेडिओ, असेल तर चॅनेल १६.

लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ती अंगात. बाकाखाली कोंबलेलं जॅकेट होडी कलल्यावर हाताला लागत नाही. पेट्रोल मध्यम वेगाला तासाला पाच-सहा लिटर धरा आणि त्या दिवशी लागेल त्याच्या दुप्पट सोबत ठेवा. धक्क्यावर पंप नसतो, आदल्या संध्याकाळी गावातून कॅन भरून आणावे लागतात. ओतताना जाळीचं फनेल वापरा, कारण अर्धवट रिकाम्या कॅनच्या आत रात्री दव धरतं आणि तेच पाणी सकाळी इंजिनात जाऊन ते मध्येच धापा टाकायला लागतं. नांगराला तीन-चार मीटर साखळी आणि त्यापुढे दोर. दोर किती सोडायचा हे भरतीच्या खोलीवर ठरवा: ओहोटीला तीन मीटर पाणी असेल तर भरतीला पाच, त्याच्या पाचपट म्हणजे २५ मीटर. दुपारी पाणी कमी असताना दहा-बारा मीटर दोर सोडून जेवायला गेलेल्यांच्या होड्या रात्री भरतीला नांगरासकट सरकतात.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर. बोट लागणाऱ्यांनी उपाशीपोटी बसू नये, पहाटे पेज किंवा कोरडी भाकरी खावी, गोळी घ्यायची तर निघण्याच्या अर्धा तास आधी. जागा होडीच्या मागच्या अर्ध्या भागात, मध्यावर. नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की पंधरा मिनिटांत पोट ढवळतं.

आता मार्ग. एकादशीला विजयदुर्ग ते देवगड, साधारण अकरा सागरी मैल. वाघोटण खाडीच्या तोंडाशी वसलेलं विजयदुर्ग हे या किनाऱ्यावरचं अतिशय सुरक्षित बंदर, वादळात दूरदूरच्या मच्छीमार नौका इथं आसऱ्याला येतात. पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवलाय: कोणाला बोट लागते, इंजिन कसं चालतं, सामान कुठं ओलं होतं, हे सगळं दोन तासांत कळतं आणि देवगडला दुरुस्तीला अख्खी दुपार मिळते. देवगड लांबून डोंगरावरच्या पवनचक्क्यांवरून ओळखू येतं.

द्वादशीला देवगड ते मालवण, वीस मैल, सगळ्यांत लांब टप्पा. सात नॉटच्या वेगानं तीन तास. कुणकेश्वराचं देऊळ किनाऱ्यावर दिसतं, मग मिठबाव, आचरा, तोंडवळी. वाटेत वारा लवकर उठला तर मालवणच्या अलीकडे सर्जेकोटला थांबा, हट्ट करू नका. मालवणसमोरचा समुद्र खडपांनी भरलेला आहे, काही पाण्यावर दिसतात आणि काही फक्त ओहोटीला. त्यांच्यामधून जाणारी वाट तिथल्या माणसालाच माहीत असते. तुमचा तांडेल विजयदुर्गचा असेल तर मालवणचा एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

त्रयोदशी पूर्ण मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्यात आपली होडी न नेता धक्क्यावरच्या प्रवासी होडीनं जा. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभा राहिलेला हा किल्ला तासाभरात उरकण्यासारखा नाही. तटाचा घेर तीन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार समुद्राच्या अंगावरचे आहेत.

किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे, आणि खाली प्रवाळ आहेत. इथं नांगर टाकण्याआधी पाण्यात बघा. फिकट, एकसारखा रंग म्हणजे वाळू. गडद ठिपके म्हणजे खडक किंवा प्रवाळ. नांगर प्रवाळावर पडला तर तो एक फांदी मोडून थांबत नाही, होडी वाऱ्यावर फिरते तशी साखळी अर्धवर्तुळात घासत जाते आणि वाढायला अनेक वर्षं लागलेला तुकडा एका जेवणाच्या वेळात भुगा होतो. वाळू सापडेपर्यंत पुढं जा, किंवा आधीच बांधलेल्या बोयाला दोर लावा. माझी या सगळ्या लेखातली एक विनंती पाळायची असेल तर ही पाळा.

चतुर्दशीला फक्त पाच मैल, मालवण ते देवबाग. पण या पाच मैलांसाठीच सगळी तिथी जुळवलेली आहे. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूचा उथळ बांध आहे आणि त्याची जागा दर पावसाळ्यात बदलते. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून लाट आणि खारा वारा आत ढकलतो. दोन्ही एकमेकांवर आदळले की लाट उभी राहते, आखूड होते आणि बांधावर फुटते. तिथं होडी आडवी झाली तर उलटायला एक लाट पुरे. चढत्या पाण्यात प्रवाह आणि लाट एकाच दिशेनं जातात, त्यामुळे तेच तोंड सपाट असतं. भरती पूर्ण होण्याआधीच्या दोन तासांत आत शिरा. त्यातही एक फायदा आहे: चढत्या पाण्यात होडी वाळूवर टेकली तर दहा मिनिटांत पाणीच तिला उचलतं, उतरत्या पाण्यात टेकली तर सहा-आठ तास बसून राहावं लागतं. आत शिरण्याआधी बाहेर थांबून पाचेक मिनिटं लाटा कुठं फुटतात ते बघा. जिथं फुटत नाहीत, ती वाट.

मालवण-देवबाग किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते. वाळूवर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताना दिसल्या की समुद्रात त्यांच्यामध्ये जाळ्याचं मोठं अर्धवर्तुळ आहे असं समजा आणि बाहेरून लांब वळसा घ्या. सुट्या जाळ्यांचे बोये आणि काठीवरचे बावटेही असेच ओळखायचे. तरीही पंख्यात जाळं आलंच, तर इंजिन लगेच बंद करा, वर उचला, आणि पंखा हातानं उलटा फिरवत जाळं सोडवा. सुरी शेवटी, आणि कापावं लागलं तर त्या मच्छीमाराला शोधून भरपाई द्या. मग पंख्यामागची वॉशरही काढून बघा: तिथं गुंडाळलेला बारीक नायलॉनचा धागा ऑइल सील कापतो, पाणी आत जातं आणि दोन दिवसांनी गिअर ऑइल दुधाळ दिसायला लागतं.

इंजिनाची दुसरी खूण म्हणजे मागून पडणारी पाण्याची बारीक धार. खलाशानं दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघायचं. धार बंद झाली तर इंजिन त्याच क्षणी बंद. बहुतेक वेळा खाली पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. तसं नसेल तर इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारं रबरी चाक, गेलेला असतो, म्हणून एक जादा इम्पेलर, स्पार्क प्लगचा संच आणि पाना सोबत हवाच.

पुनवेला देवबागहून चढत्या पाण्यात बाहेर पडून निवती, आणि तिथून आठेक मैलांवर वेंगुर्ले. समोर खोल समुद्रात दीपगृहाची खडकाळ बेटं दिसतात, वेंगुर्ले बंदरापासून साधारण नऊ मैल. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे आणि त्यांच्या घरट्यांची चोरी होत आलेली आहे. मतलई अगदी मऊ असेल तरच जा, लांबून फेरी मारून मागे फिरा, उतरू नका. खडकावर उतरायला धड जागा नाही आणि विणीच्या पक्ष्यांना माणसाची चाहूलही जास्त होते.

वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर अकराच्या आत उतरलात की तुमचा प्रवास संपतो, तांडेलाचा नाही. त्याला होडी घेऊन उत्तरेकडे, वायव्येच्या वाऱ्याच्या तोंडावर परत जायचं असतं. भाडं ठरवताना परतीचे दोन दिवस, त्याचं पेट्रोल आणि वेंगुर्ल्यातला एक मुक्काम आधीच धरा, म्हणजे त्याच दुपारी निघण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मतलईवर निघेल.