मीटर शून्य दाखवतो तेव्हा कोणतं पान उघडायचं

प्रॉडक्शन आणि कंट्रोलमधल्या मंडळींसाठी ‘उपयुक्त शंभर लिंका’ छापाच्या याद्या भरपूर फिरतात. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्टार करून ठेवल्या जातात आणि तिथेच धूळ खातात. पॅनेलचं दार उघडून उभं असताना कामाला येतात ती मूळ कागदपत्रं: प्रोटोकॉलचं स्पेसिफिकेशन, ज्याने नियम काढला त्याचाच लेख, उत्पादकाचं मॅन्युअल. यातलं बरंचसं फुकट मिळतं. खाली तेवढंच आहे, आणि त्यात नेमकं काय बघायचं तेही.

सुरुवात मॉडबसपासून (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची भाषा), कारण जास्तीत जास्त वेळ तिथेच जातो. मोडिकॉन कंपनीने 1979 साली आणलेला हा प्रोटोकॉल आजही एनर्जी मीटर, ड्राइव्ह, टेंपरेचर कंट्रोलर अशा सगळ्यांत आहे. मॉडबस संघटनेच्या साइटवर दोन पीडीएफ मोफत आहेत: एक अ‍ॅप्लिकेशन प्रोटोकॉलची, पन्नासेक पानांची, आणि दुसरी सिरियल लाइनची. दोन्ही उतरवून घ्या.

समजा मीटरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय: व्होल्टेज, रजिस्टर 40101, फ्लोट. (रजिस्टर म्हणजे 16 बिटांचा कप्पा, फ्लोट म्हणजे दशांश चिन्हाचा आकडा.) तारेवरून प्रत्यक्षात जातो तो पत्ता 100, कारण मोजणी शून्यापासून होते आणि सुरुवातीचा 4 फक्त ‘होल्डिंग रजिस्टर’ एवढंच सांगतो. काही सॉफ्टवेअर 40101 मागतात, काही 101, काही 100. एका घराची चूक झाली की अर्धा आकडा या राशीचा आणि अर्धा शेजारच्या राशीचा येतो, आणि लोक मीटरच बदलायला निघतात. क्यूमॉडमास्टर हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी बरं आहे. त्याच्या सेटिंगमध्ये बेस अ‍ॅड्रेस 0 की 1 ते ठरवता येतं आणि रजिस्टरं हेक्समध्ये (सोळाच्या पायात) बघता येतात.

हेक्समध्येच बघायचं, कारण पुढचा घोळ तिथेच दिसतो. 230 व्होल्ट फ्लोटमध्ये दोन रजिस्टरांत येतात: 4366 आणि 0000. एका रजिस्टरमधले दोन बाइट कोणत्या क्रमाने जातील ते स्पेसिफिकेशन सांगतं. पण 32 बिटांच्या आकड्यातलं कोणतं रजिस्टर आधी, यावर ते गप्प आहे, त्यामुळे प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते. तुमच्या पीएलसीने (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरने) ती उलटी जोडली तर आकडा इतका सूक्ष्म होतो की स्क्रीनवर शून्यच दिसतं. मीटरच्या डिस्प्लेवर 230 आणि स्काडावर (कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर) 0 असेल तर केबल हलवत बसू नका, वर्ड स्वॅप करून, म्हणजे दोन रजिस्टरांचा क्रम उलटून, बघा. तेच दोन रजिस्टर साधे पूर्णांक म्हणून वाचले तर 17254 आणि 0 असे दिसतात. हा 17254 एकदा ओळखीचा झाला की पुढच्या वेळी लगेच कळतं.

उत्तरात एक्सेप्शन (चूक कळवणारा) कोड 02 आला तर खरं म्हणजे हायसं वाटायला हवं. त्याचा अर्थ, मीटर म्हणतोय की असा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणजेच वायरिंग, बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक पकडणारा बिट) आणि स्लेव्ह आयडी (मीटरचा क्रमांक) सगळं बरोबर आहे. टाइमआउट आला तर मात्र उलट: आधी ए आणि बी तारा अदलाबदल करून बघा (या अक्षरांचा अर्थ सगळ्या कंपन्या सारखा लावत नाहीत), मग पॅरिटी. सिरियलच्या पीडीएफमध्ये इव्हन पॅरिटी ही मूळ सेटिंग आहे आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट सांगितले आहेत. बाजारातले बरेच मीटर पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक असे येतात, तेव्हा मीटरचं ऐकायचं. एका मागणीत जास्तीत जास्त 125 रजिस्टरं वाचता येतात, आणि टर्मिनेशन (टोकाचा रेझिस्टर) लाइनच्या दोन टोकांनाच, प्रत्येक मीटरवर नाही.

पीआयडी ट्यूनिंगसाठी (तापमानासारखी राशी ठरल्या जागी ठेवणाऱ्या कंट्रोलरचे आकडे बसवायला) यूट्यूबवर झिगलर-निकोल्सचीच पारायणं चालतात. ती पद्धत 1942 ची आहे आणि लूप (कंट्रोलर आणि प्रोसेसची साखळी) डोलायला लावते. चालत्या प्लांटवर कोण परवानगी देणार? त्यापेक्षा नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइम विद्यापीठातले सिगुर्ड स्कोगेस्टाड यांचे 2003 चे नियम घ्या. लेख त्यांच्याच साइटवर आहे. लूप मॅन्युअलवर घ्या, तापमान स्थिरावू द्या, आणि व्हॉल्व्ह 40 वरून 50 टक्के करा. समजा 20 सेकंद काहीच झालं नाही, मग तापमान 60 वरून चढत 75 अंशांवर थांबलं, आणि 63 टक्के वाढ, म्हणजे साधारण 69.5 अंश, पायरी दिल्यापासून 140 व्या सेकंदाला आली. म्हणजे प्रोसेस गेन 15 भागिले 10, म्हणजे 1.5. डेड टाइम 20 सेकंद, टाइम कॉन्स्टंट 120. कंट्रोलरचा गेन काढायचा तर टाइम कॉन्स्टंटला, प्रोसेस गेन गुणिले डेड टाइमची दुप्पट, याने भागा: 120 भागिले 60, म्हणजे 2. इंटिग्रल टाइम हा टाइम कॉन्स्टंट किंवा डेड टाइमची आठपट, यातला लहान, म्हणजे 120 सेकंद.

इथपर्यंत सगळे येतात. गाडं अडतं ते आकडा भरताना. हा 2 म्हणजे दर अंशाला 2 टक्के. कंट्रोलरची रेंज 0 ते 200 अंश असेल आणि तो टक्क्याला टक्का असा गेन मागत असेल तर भरायचे 4. प्रोपोर्शनल बँड (100 भागिले गेन) मागत असेल तर 25 टक्के. इंटिग्रल मिनिटांत असेल तर 2, ‘रिपीट्स पर मिनिट’ असेल तर 0.5, आणि पॅरलल फॉर्म (इंटिग्रलचा गुणक वेगळा भरायचा) असेल तर भरलेला गेन भागिले 120. सूत्र बरोबर आणि लूप बेभान, असं दिसलं की बहुतेक वेळा याच ओळीत चूक असते. मॅन्युअलमधलं पीआयडीचं समीकरण आधी वाचा.

कोड स्वतः लिहायचा असेल तर अर्डुइनोची पीआयडी लायब्ररी करणारे ब्रेट बोरगार्ड यांची 2011 ची लेखमाला वाचा. सेटपॉइंट बदलल्यावर बसणारी डेरिव्हेटिव्हची लाथ, इंटिग्रल वाइंडअप (आउटपुट टोकाला अडकल्यावरही इंटिग्रल फुगत जाणं), मॅन्युअलवरून ऑटोवर जाताना बसणारा झटका, एकेक दुखणं घेऊन एकेका लेखात त्याचा इलाज. इतकं स्वच्छ लिखाण या विषयात विरळा. पीएलसीवरच सराव करायचा तर ओपनपीएलसी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फुकट चालतं. कोडेसिसचं एडिटर फुकट आहे, पण लायसन्सशिवाय रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा भाग) दोन तासांनी थांबतो. शिकायला तेवढं पुरतं.

प्रॉडक्शनच्या बाजूला एकच नाव: अमेरिकेची मानकं आणि मोजमापांची संस्था एनआयएसटी हिचं स्टॅटिस्टिकल मेथड्सचं ई-हँडबुक. त्यातलं सहावं प्रकरण कंट्रोल चार्टचं, दुसरं मोजमापाचं. एक हिशोब बघा. 25 मिमी एच7 बोअर (भोक), म्हणजे 25.000 ते 25.021. पाच-पाच नगांचे नमुने, सरासरी 25.012, सरासरी रेंज 0.010. पाचाच्या नमुन्याला गुणक 0.577, म्हणून चार्टच्या मर्यादा सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे 0.006. ड्रॉइंगचा टॉलरन्स चार्टवर आखणं ही शॉपफ्लोरवरची सगळ्यात जुनी खोड आहे, आणि तसं केलं की चार्ट काहीच सांगत नाही. आता सिग्मा (मापांचा पसारा): 0.010 भागिले 2.326 (हाही पाचाच्या नमुन्याचाच गुणक), म्हणजे 0.0043. सीपीके (टॉलरन्सच्या जवळच्या कडेपर्यंतची जागा भागिले तीन सिग्मा) येतो 0.70, आणि सीपी (पूर्ण टॉलरन्स भागिले सहा सिग्मा) स्वतःच 0.81. म्हणजे ऑफसेट देऊन सरासरी मध्यावर आणली तरी माल टॉलरन्सबाहेर जाणारच. टूल, क्लॅम्पिंग, स्पिंडल, इकडे बघायला हवं. त्याआधी बोअर गेज तपासा. 10 मायक्रॉन लीस्ट काउंटचं गेज घेऊन हा चार्ट काढला असेल तर तो गेजचाच चार्ट आहे.

उत्पादकांच्या साइटवर शोधताना मॉडेलचं नाव टाकू नका, नेमप्लेटवरचा पूर्ण ऑर्डर नंबर टाका. सीमेन्सच्या सपोर्ट साइटवर प्रत्येक लेखाला एंट्री आयडी असतो, तो पॅनेलच्या ड्रॉइंगवर लिहून ठेवा. रॉकवेलची मॅन्युअलं खुली आहेत, पण नॉलेजबेसमधल्या काही उत्तरांना सपोर्ट करार लागतो. मॅन्युअल उतरवताना फर्मवेअर व्हर्जन फाइलच्या नावातच घाला आणि पीडीएफ मेंटेनन्सच्या लॅपटॉपवर ठेवा. पॅनेल रूममध्ये मोबाइलला रेंज नसते.