क्रोकोडाइल फर्न कुंडीतून फळीवर : माझा अनुभव

माझ्या क्रोकोडाइल फर्नचं खोड कुंडीच्या काठावरून बाहेर आलं, तेव्हा मोठी कुंडी न आणता ते लाकडी फळीवर चढवायचं ठरवलं. आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांत हे नेचं झाडांच्या अंगावर वाढतं. झाडाचा फक्त आधार घेतं, रस शोषत नाही. मायक्रोसोरम म्युझिफोलियम हे त्याचं शास्त्रीय नाव.

झाड काढल्यावर सगळं नीट दिसलं. तपकिरी खवल्यांचं जाड, आडवं खोड. पानं त्याच्या वरच्या अंगाला, मुळं खालच्या. सगळी मेख या खोडात आहे. ते पुरलं की कुजायला लागतं, म्हणून कायम उघडंच ठेवायचं. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने मी त्याचे दोन भाग केले. प्रत्येक भागाला वाढतं टोक, थोडी पानं आणि भरपूर मुळं हवीतच, नाहीतर कापायची घाई करू नये.

भिजवून पिळलेल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) जाडसर थर फळीवर दिला, त्यावर मुळं पसरली, कडेने आणखी मॉस दाबलं आणि नायलॉनचा दोरा मुळांवरून आवळून घेतला. वाढत्या टोकावर दोरा येऊ दिला नाही.

सुरुवातीला एखाद-दुसरं जुनं पान पिवळं पडलं. मी काळजीतच होते, पण टोक हिरवं आणि टणक होतं, म्हणून हात लावला नाही. मग नवीन पान आलं. कोवळेपणी पोपटी, अगदी पातळ. ते उजेडासमोर धरलं की मधल्या शिरेपासून निघणाऱ्या गडद आडव्या शिरा, त्यांच्यामध्ये बारीक जाळी आणि त्या जाळीत किंचित फुगलेला पानाचा भाग स्पष्ट दिसतो. मगरीच्या कातडीसारखी नक्षी म्हणतात ती हीच. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

मोठ्या पानांच्या पाठीवर बारीक तपकिरी ठिपके आले तर कीड समजून खरवडू नका, ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांच्यापासून नवी नेची उगवतात त्या बारीक कणांचे, पुंज असतात. खवलेकीड असेल तर ती बहुधा मधल्या शिरेला चिकटलेली दिसते, नखाने निघते आणि पान चिकट लागतं.

पाण्याचा अंदाज मी वजनावरून घेते. फळी हलकी लागली की बादलीत बुडवायची, निथळू द्यायची. जागा भरपूर उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. हवा कोरडी असली की पानांच्या कडा करपतात, म्हणून तेव्हा फळी इतर झाडांच्या घोळक्यात टांगते. खत वाढीच्या दिवसांतच, तेही अगदी पातळ करून मॉसवर.