कणकुंबीच्या पावसात तपासलेला सायकलचा दिवा: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली आमची दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. तिथून मच्छे ओलांडून देसूरला सायकलने घरी जायचं. खानापूर रोडवर निदान गाड्यांचा उजेड असतो, पण हमरस्ता सोडला की गाव येईपर्यंत मिट्ट काळोख. त्यात नोव्हेंबरपासून उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. 2023 च्या डिसेंबरात अशीच एक ट्रॉली इतक्या जवळून गेली की उसाचा पाला माझ्या दंडावर ओरखडे काढून गेला. ड्रायव्हर पुढे थांबला, उतरून मागे आला आणि म्हणाला, "तुम्ही दिसलासाच न्हाई की ओ." तो खोटं बोलत नव्हता. माझ्या सायकलला मागे फक्त एक लाल रिफ्लेक्टर होता आणि त्यावर वाळलेला चिखल.

विकतचे दोन दिवे वापरून झाले होते. पहिला पावसाळ्यात गेला. दुसऱ्याचा सेल संपला, पण दिवा उघडायला जागाच नव्हती, सगळं चिकटवून बंद केलेलं. मी मेंटेनन्सचं काम करतो. एका सेलपायी अख्खी वस्तू फेकायची हे मनाला पटेना. म्हणून ठरवलं, दिवा आपणच करायचा आणि त्याचं सर्किट, कोड, लेथवर करायच्या बॉडीचं ड्रॉइंग सगळं खुलं ठेवायचं. खानापुरातल्या सायकलवाल्याला साध्या स्क्रू-ड्रायव्हरने तो उघडता आला पाहिजे, ही पहिली अट.

सर्किट फार अवघड नव्हतं. एटीटायनी85 ही आठ पायांची छोटी चिप, एलईडीला ठरावीक 350 मिलीअ‍ॅम्पिअर करंट देणारी एएमसी7135, चार्जिंगसाठी टीपी4056 चं मॉड्यूल आणि 18650 या मापाचा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल. बोर्डाचं ड्रॉइंग कायकॅडमध्ये केलं, ते सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. अडलो ते भलत्याच ठिकाणी. मागचा दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकायला हवा होता, तो चार सेकंदांतून एकदा लागायचा. दोन रविवार मी कोडमधली चूक शोधत होतो. कोड बरोबरच होता. ही चिप नवी येते तेव्हा तिचं आतलं घड्याळ आठाने भागलेलं असतं, म्हणजे 8 ऐवजी 1 मेगाहर्ट्झवर चालतं. तेवढं एक सेटिंग बदलल्यावर दिवा ठरल्याप्रमाणे लुकलुकायला लागला.

सेलच्या बाबतीत मात्र फसलो. एका दुकानातून 9900 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेले दहा सेल आणले. दिवा तासभर नीट चालेल तर शपथ. 18650 या मापाच्या चांगल्या सेलमध्येही साधारण 3500 एमएएचच्या आसपासच मावतं, 9900 तर शक्यच नाही, हे नंतर वाचलं. मग शहापुरात ओळखीच्या सराफाकडे जाऊन सेल काट्यावर ठेवले. चांगला सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, हे तीस ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. तेव्हापासून सेल घेताना छापलेला आकडा बघत नाही, आधी वजन करतो. हा दिवा करून बघणाऱ्यांनीही आधी वजन करा, पैसे नंतर द्या.

बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. मालकांनी पाळी सुटल्यावर लेथ वापरायला दिला आणि बारचे उरलेले तुकडे स्क्रॅपच्या भावाने दिले. टर्निंग आमच्या शेडमधल्या मामांनी केलं. सगळे त्यांना मामाच म्हणतात. झाकणाला आटे, आत रबरी रिंग, पुढे काच. दिवा अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, आत एक थेंब नाही. आता काम झालं असं मी समजलो.

माझे दाजी जांबोटीला असतात. जुलै 2024 मध्ये दिवा घेऊन त्यांच्याकडे गेलो, कारण पाऊस बघायचा तर त्याच बाजूला. संध्याकाळी कणकुंबीच्या रस्त्याला लागलो. जंगल, धुकं आणि तिरपा पाऊस. पहिली गोष्ट दिसली ती अशी की मंद उजेडात थेंब सलग न दिसता शिवणीच्या टाक्यांसारखे तुटक-तुटक दिसत होते. एलईडी मंद करायला मी तिची फार सावकाश उघडझाप करत होतो, ती वेगाने करायला हवी होती. ते कोडमध्ये सुधारता येण्यासारखं होतं. पण तासाभरात काचेला आतून वाफ धरली, आणि परत येईपर्यंत काचेमागे पाणी हलताना दिसायला लागलं.

घरी येऊन पुन्हा बादली. कोरडा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी कोरडाच. रिंग बदलली, ग्रीस लावलं, झाकण घट्ट पिळलं आणि पुढच्या पावसात पुन्हा पाणी. आठवडाभर डोकं चालेना. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बादलीत टाकलास तेव्हा दिवा चालू होता काय?"

चालू नव्हता.

मग अर्धा तास पूर्ण उजेडावर चालवून, हाताला चटका बसेल इतका तापलेला दिवा पाण्यात सोडला. पाच मिनिटांत आत पाणी. गरम भाजीच्या डब्याला झाकण लावून ठेवलं की थंड झाल्यावर ते ओढून धरतं, उघडता उघडत नाही. इथेही तेच होत होतं. दिवा तापला की आतली हवा फुगून रिंगेजवळून थोडी बाहेर पडायची, आणि वर गार पाऊस पडला की उरलेली हवा आक्रसून त्याच वाटेने पाणी आत ओढायची. झाकण मी जितकं घट्ट करत होतो तितकी ती ओढ वाढत होती.

मामांनी बॉडीच्या खालच्या अंगाला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. पाण्यात टिकायच्या दिव्याला भोक पाडताना माझा जीव खालीवर होत होता. पण भोक जमिनीकडे तोंड करून असल्याने पाऊस आत जात नाही, हवा मात्र ये-जा करते. बोर्डावर वॉर्निशचे दोन हात दिले. सुरुवातीला करंट देणाऱ्या तीन एएमसी7135 चिप लावल्या होत्या, त्यांतल्या दोन काढल्या. उजेड कमी झाला, पण दिवा तापायचा थांबला आणि 2600 एमएएचच्या सेलवर सात तास चालायला लागला. गावच्या रस्त्याला तेवढा उजेड पुरतो. काचेवर छोटी टोपीही बसवली. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असा कायदाच आहे, आणि एकपदरी रस्त्यावर त्याची किंमत लगेच कळते.

मागचा दिवा सीटखाली लावायचा होता. तो गावातल्या एका दूधवाल्या काकांनी मोडीत काढला. ते म्हणाले, "सकाळी जाताना कॅन, येताना वैरणीचा भारा. तुझा दिवा कुणाला दिसायचा?" त्यांच्या कॅरिअरवर भारा चढवून मागून पाहिलं तर दिवा पूर्ण झाकलेला. इथे अंधारात सायकल चालवणारे बहुतेक लोक ओझं घेऊनच चालवतात. म्हणून क्लॅम्प बदलला आणि दिवा मडगार्डच्या शेवटी, रिफ्लेक्टरच्या जागी, एका बोल्टवर आणि दोन वायसरवर बसवला.

खुलं करायचं म्हणजे नुसत्या फायली देऊन भागत नाही, परवाना लागतो. ड्रॉइंगसाठी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा 2020 चा ओपन हार्डवेअर परवाना घेतला, त्यातला कडक प्रकार: कुणीही बनवावं, विकावं, पण केलेली सुधारणाही खुली ठेवावी. कोडला जीपीएल, म्हणजे सॉफ्टवेअरसाठीचा तसाच खुला परवाना. जोडणीचं पत्रक मराठीत मी लिहिलं, कन्नडमध्ये आमच्या पाळीतल्या गोकाकच्या सहकाऱ्याने. तीन रात्री जागून त्याने ते केलं आणि मी गाळलेली एक पायरीही दाखवून दिली. सेल बसवताना अधिक-उणे कसं बघायचं तेच मी लिहिलं नव्हतं.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा घातलेल्या लेथच्या पाटावर पहिले 24 दिवे ठेवले. मामांनी प्रत्येकावर हळद-कुंकू वाहिलं. सामान आणि मजुरी मिळून एक दिवा 710 रुपयांना पडला होता, 800 ला दिला. संध्याकाळपर्यंत सगळे गेले, त्यातले सहा दूधवाल्यांकडे.

महिन्याभरात पाच परत आले. चारांत एकच दोष होता: खड्ड्यांच्या धक्क्याने स्विचची वायर सोल्डरपाशी तुटलेली. एकसंध तारेऐवजी मऊ, अनेक पदरी वायर घातली आणि तिला मध्येच गोंदाचा आधार दिला. पाचव्याचे आटे धुळीने जाम झाले होते, ते ग्रीस लावून सुटले.

नंतर निपाणीकडच्या एकाने स्वतः केलेल्या दिव्याचं ड्रॉइंग पाठवलं. त्याच्याकडे लेथ नव्हता, म्हणून बॉडी पीव्हीसी पाइप आणि एंड कॅपची. प्लास्टिकमधून उष्णता बाहेर जात नाही, तर त्याने एलईडीखाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घालून तिचं टोक बाहेर काढलं आहे. खालचं भोक त्याने जसंच्या तसं ठेवलंय. त्या ड्रॉइंगवरून मी एक दिवा केला आणि दाजींकडे पाठवला. ते रोज अंधार पडल्यावर दूध घालायला तोच लावून जातात.